दगडूदादाची लोखंडी खुर्ची

मचाण म्हणजे काय, चार लाकडं बांधली की झालं, असं कोणी म्हटलं की माझं टाळकं सरकतं. आमच्या वर्कशॉपातला गोपीनाथ एकदा असंच म्हणालेला. त्याला म्हटलं, बांध की मग चार लाकडं आणि बस वर चार तास, न हलता. खाली रानडुक्कर आलं की खोकून दाखव. गोपीनाथ हसला. त्याला काय माहीत, माझा भाऊ त्या कामात किती मोठा होता ते.

दगडू त्याचं नाव. मी सहदेव, त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी धाकटा. आई लवकर गेली आणि बाप असून नसल्यासारखा, त्यामुळं मला वाढवलं ते दादानंच. मलंगगडाच्या पायथ्याला आमची ठाकरवाडी, तीसेक घरं. मी दहावीला आपटलो नि डोंबिवलीला मानपाड्याच्या एका वर्कशॉपात वेल्डिंग शिकायला आलेलो, तो तिथलाच झालो. दादा वाडीतच राहिला. भाताची दोन खाचरं, थोडी नाचणी आणि तिरकमठा, एवढाच त्याचा संसार. शिकारीला बंदी आलेली, ते आम्हाला माहीत होतं. डुकरांना ते कोणी सांगितलं नव्हतं. पिकलेल्या भातात एक कळप घुसला की सकाळी खाचरात नुसता चिखल उरायचा. मग आजूबाजूच्या वाड्यांतूनसुद्धा गुपचूप निरोप यायचा, दगडूला बोलवा.

दादा झाड निवडायचा ते बघण्यासारखं असायचं. पांगाऱ्याकडं तो ढुंकूनही बघायचा नाही, पोकळ जात म्हणायचा. त्याला ऐन आवडायचा. ऐनाची साल भेगाळलेली, खरखरीत, दोरी धरून ठेवते. चढायला दोन पुरुष उंचीचा बांबू, त्याच्या फांद्या वीतभर ठेवून छाटलेल्या, म्हणजे पाय ठेवायला खुंट्या. बांबू तोडायचा तो अवसेच्या पंधरवड्यातच, नाही तर भुंगा लागतो. बसायला छोटं बाजलं. आणि बांधायला काथ्याचा सुंभ, भिजवलेला. झाडाला दोन वेढे द्यायचे, पीळ भरायचा आणि शेवटचं टोक वेढ्याखाली खुपसायचं. गाठ मारायची नाही. आमच्या वाडीत ऐनाला कोणीच गाठ मारत नाही. आपण झाडाकडं पाहुणे म्हणून जातो, पाहुण्यानं घरधन्याला जखडून ठेवायचं नसतं, असं दादा सांगायचा. काथ्याला गाठ लागतही नाही. वजन पडलं की तो स्वतःच सालीत रुततो.

सत्याऐंशी साली दादाच्या बांबूची एक खुंटी मोडली. तो घसरत खाली आला, छातीची सालटी निघाली. महिनाभर ढोपरं सुजलेली. बाजलं, बांबू, सुंभ, सगळं पाठीवर घेऊन डोंगर चढायचं म्हणजे सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाचं काम आहे का ते? पण ऐकेल तर दगडू कसला! शेवटी वैनीच मानपाड्याला माझ्या खोलीवर आली. कलावती वैनी कधी काही मागायची नाही. त्या दिवशी उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली, "भावजी, हे काही थांबायचे नाहीत. थांबले तर तसेच मरतील. निदान हलकं काहीतरी करून द्या. ते पडले तर मी काय करू?"

मी म्हटलं, "वैनी, तू काळजी सोड. असं मचाण बनवतो की दादा पडणारच नाही."

हे मी बोललो. माझ्याच तोंडानं बोललो.

शेठला विचारून भंगारातल्या नळ्या घेतल्या आणि कामाला लागलो. घडीची खुर्ची, बसायला ट्रकच्या ताडपत्रीचा तुकडा, मागं दातेरी पट्टी, झाडात रुतणारी. चढायला लांब बांबूच्या जागी दोन-दोन हात लांबीच्या चार नळ्या, प्रत्येकीला तीन पायऱ्या. एक बांधायची, तिच्यावर उभं राहून वरची बांधायची. सगळं मिळून एका गोणीत मावायचं. मला वाटलं, दादा बघून उड्या मारेल.

दादानं गोणी हलवली. आतून खणखण आवाज आला. "अरे सद्या, डुक्कर कल्याणपर्यंत पळेल की!"

परत आणली. सगळ्या नळ्यांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. दुसऱ्या खेपेला दादानं खुर्ची नाकाला लावली. "रंगाचा वास येतोय." तो वास त्यानं शेणामातीनं काढला, आठ दिवस गोठ्यात टांगून ठेवली. मग म्हणाला, पाय ठेवायला जागा नाही, मांड्या सुन्न होतात. मी पाय ठेवायला आडवी पट्टी जोडली. तिसऱ्या खेपेला त्यानं डोळे मिटून अंगणातल्या आंब्यावर, कमरेएवढ्या उंचीवर बैठक मारली. मग बसल्या जागेवरून तिरकमठा ओढून बघितला आणि वैनीला हाक मारली, "अगं, बघ! आमच्या सद्यानं सिंहासन केलं!" एवढा खूश मी माझ्या लग्नातही नव्हतो.

हे झालं अठ्ठ्याऐंशीच्या दसऱ्याच्या आधी. दसऱ्यानंतरच्या रविवारी मी शेवटची गोष्ट घेऊन गेलो, नायलॉनची दोरी. काथ्या कुजतो, फुगतो, जड होतो. नायलॉन हलकी, बैलसुद्धा तोडू शकणार नाही अशी. पण नायलॉन गुळगुळीत असते. तिला गाठ मारावीच लागते, नाही तर ती सरकते. हे मला माहीत होतं. रोज कामावर बघत होतो मी.

वाडीतली चारपाच माणसं जमलेली. विठ्ठल होता, म्हातारा बाबुराव होता. दादानं नायलॉन हातात घेतली, ऐनाला दोन वेढे दिले, पीळ भरला आणि टोक खाली खुपसलं.

"दादा, असं नाही. हिला गाठ मार."

"ऐनाला गाठ?"

"ऐनाला नाही, दोरीला!"

"दोरी कोणाच्या अंगावर आहे? या वाडीत कोणी मारलीय आजवर?"

विठ्ठल म्हणाला, "सद्या, तुमच्या कारखान्यात झाडं असतात काय रे?" सगळे हसले. दादाही हसला. तेवढ्यानं माझी सटकली. तीन तीन खेपा घातल्या, रविवार घालवले, हात भाजून घेतले, आणि हे लोक दात काढतायत. मी म्हटलं, तुम्हाला काही कळत नाही. दादा म्हणाला, "ज्या हातांनी तुला पहिल्यांदा झाडावर चढवलं, त्यांना गाठी शिकवतोस होय?" तो चिडून बोलला नव्हता. पण मी चिडलो. माझ्या तोंडातून निघालं, "बांध मग तुला पाहिजे तशी! जा, मर!"

आणि एसटी पकडायला निघून आलो. मागून दादानं हाक मारली, "अरे, जेवून तरी जा." मी वळलो नाही.

रागावलेलो नसतो तर मागच्या पट्टीला एक हूक आणि दोरीला कडी जोडून आणली असती. हूक असता तर गाठही लागली नसती आणि ऐनाचा मानही राहिला असता. दहा मिनिटांचं काम. हे मला एसटीत बसल्यावरच सुचलेलं, खोटं कशाला बोलू. पण म्हटलं, चार दिवस राहू दे, येऊ दे त्याला माझ्याकडं विचारायला.

गुरुवारी दुपारी विठ्ठल सायकल मारत वर्कशॉपाच्या दारात आला. त्याचं तोंड बघूनच मी मशीन बंद केलं.

दादाला कल्याणला दवाखान्यात आणलेलं. पाठ मोडलेली, कमरेखाली काही जाणवत नव्हतं. मी पोचलो तेव्हा एक हवालदार जबाब लिहून घेत होता. काय झालं, कुठून पडलास? दादा मला बघून बोलायला लागला, सावकाश, एक एक शब्द.

"ताडी प्यालेलो, साहेब. जास्त झाली. नशेत झाडावर चढलो. पडलो."

दादानं जन्मात ताडी तोंडाला लावली नव्हती. वाडीत सगळे प्यायचे, लग्नात, हळदीत, होळीला. दादा एकटा पाणी पिऊन बसायचा. वर बसणाऱ्यानं प्यायची नसते, एवढंच म्हणायचा. मी तोंड उघडलं. दादानं माझ्याकडं बघितलं, लहानपणी शेजाऱ्यांसमोर काही बोलायला गेलो की बघायचा ना, तसंच. मी गप्प झालो.

हवालदार गेल्यावर वैनीनं मला व्हरांड्यात नेलं आणि सगळं सांगितलं. सकाळी ती भाकरी घेऊन गेली तेव्हा तो ऐनाखाली पडलेला. खुर्ची वर एका बाजूला लोंबत होती, दोरीचं खुपसलेलं टोक सुटून सरकलेलं. ती ओरडायला लागली तर तो म्हणाला, "ओरडू नको. आधी वरचं काढ." पाठ मोडलेला माणूस. वैनी साडी खोचून माझ्याच पायऱ्यांवरून वर चढली, खुर्ची सोडवली, पायऱ्या सोडवल्या, सगळं ओढ्याच्या डोहात टाकलं. मग माणसांना हाका मारल्या. वाडीत कोणी विचारलं तर सांगायचं, खुर्ची भावजींकडं परत पाठवून दिली. शिकारीची केस झाली तर खुर्ची कोणी बनवली ते निघेल, सद्याची नोकरी जाईल. केस नाही झाली तरी लोक म्हणतील, भावानं भावाला मारलं. हे सगळं त्यानं मातीत पडल्या पडल्या ठरवलेलं.

मी खाटेजवळ गेलो. नुसता रडत होतो. दादा म्हणाला, "खुर्ची चांगली होती रे. तीन सकाळी बसलो, ढोपरं अजिबात दुखली नाहीत." मी म्हटलं, "दादा, मी तुला मर म्हटलं." तो म्हणाला, "ते काय मनावर घ्यायचं असतं? तू लहानपणापासून तसाच." चौथ्या दिवशी तो गेला.

आमच्या वाडीत तिरकमठ्याच्या माणसाला मातीत ठेवताना त्याचा तिरकमठा शेजारी ठेवतात. ज्यांनी त्याच्याबरोबर रान मारलं त्यांनी तो ठेवायचा. दादाच्या वेळी बाबुराव पुढं आला आणि म्हणाला, "पिऊन झाडावर चढला. झाडाचा मान ठेवला नाही. याचा तिरकमठा ठेवता येणार नाही." त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण पद्धत ती पद्धत. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी खड्ड्याच्या कडेला उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. तिथं हवालदार नव्हता, परका माणूस नव्हता, सगळी आपलीच माणसं. पण मला वाटलं, आत्ता बोललो तर सगळे माझ्याकडं वळून बघतील. माझी बायको, माझी पोरं तिथंच होती. मी नाही बोललो. वैनीनं तिरकमठा उचलून घरात नेला.

नऊ वर्षं गेली. दगडूची पोरं म्हणजे दारुड्याची पोरं झाली. सत्त्याण्णवला दादाच्या शेवंतीला बघायला कल्याणकडची माणसं आली. चहा पिता पिता मुलाचा काका म्हणाला, "हिचा बाप पिऊन पडला ना?" मी चुलता म्हणून सगळ्यांत पुढं बसलेलो. शेवंतीनं मान खाली घातली. मी काकाला म्हटलं, "जुनी गोष्ट आहे, सोडा." एवढंच म्हटलं. लग्न जमलं, झालं.

लग्नानंतर आठ दिवसांनी मला राहवेना. वाडीत गेलो. वैनी अंगणात तांदूळ पाखडत होती. मी म्हटलं, "वैनी, आज सगळ्यांना बोलावतो. खरं काय ते सांगून टाकतो. माझी पोरं मोठी झाली, नोकरी गेली तरी चालेल."

तिनं सूप थांबवलं नाही. "कोणाला सांगणार? बाबुराव गेला. विठ्ठलला ऐकू येत नाही. नव्या पोरांना तर हे कोण होते तेच माहीत नाही."

"तरी पण सांगतो."

"भावजी," ती म्हणाली, "माती देताना मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. म्हटलं, आता बोलतील. शेवंतीला बघायला आले तेव्हाही बघितलं." मग तिनं सूप खाली ठेवलं. नऊ वर्षांत ती मला कधी एक वाकडा शब्द बोलली नव्हती, त्या दिवशीही आवाज चढवला नाही. "पाठ मोडलेली असताना त्यांनी तुमचा विचार केला. तुमची पाठ तर धड होती ना?"

माझी पाठ खरंच धड होती.