मामांची टकटक

मामा इनक्युबेटर उघडण्याआधी दारावर दोनदा टकटक करायचे. पनवेलच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत मी नवीन होते; पहिल्याच दिवशी फिसकन हसले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आत माझी भाची हाय. विचारल्याशिवाय कसं उघडायचं?"

थट्टा नव्हती ती. जवळच्या ओवे गावात दिलेल्या त्यांच्या बहिणीची मुलगी पूर्वा. तिच्या कातडीच्या तुकड्यातून वाढवलेल्या पेशी त्या दाराआड होत्या. तिचं एक जनुक जन्मापासून बंद पडलेलं. त्यापायी आधी चाल गेली, मग हातातली पेन्सिल, आणि डॉक्टरांनी हृदयाचंही सांगून ठेवलं होतं. ती मामा म्हणते म्हणून अख्खी लॅब त्यांना मामा म्हणायची.

मामांचा ध्यास एकच: डीएनएवर नेमक्या जागी चिकटून ते जनुक चालू करील असा लहानसा रेणू. परीक्षानळीत तो छान चिकटायचा. पेशीतही शिरायचा. पण डीएनए असतो त्या केंद्रकाच्या बाहेरच अडकून बसायचा. "हत्ती गेला, शेपूट राहिलं," म्हणत मामा पुन्हा रेणू बांधायला घ्यायचे. एकेक टोक बदलायला महिने जात. तेवढ्यात पूर्वाची काठी सुटून चाकाची खुर्ची आली. बहिणीचा फोन आला की मामांची लॅबमधली शास्त्राची भाषा गळून पडायची. "करतो गो बाय, करतो," एवढंच म्हणायचे.

मग माझा पराक्रम. नव्या रेणूला चमकणारा हिरवा रंग जोडला होता. मी कॉलेजातल्या सवयीने पेशी आधी फॉर्मलिनमध्ये घातल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर सगळी केंद्रकं हिरवीगार. मामांनीही वाकून पाहिलं. तिथूनच त्यांनी बहिणीला फोन लावला. "आत गेलं गो. आपली पूर्वा उभी राहील."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जिवंत पेशी पाहिल्या. केंद्रकं काळीकुट्ट. हिरवे ठिपके नेहमीसारखे बाहेर.

"काल पेशी मारून बघितल्यास?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. फॉर्मलिनने मेलेल्या पेशीची आवरणं ढिली पडतात, काहीही आत झिरपतं. हे मला पाठ होतं. त्या दिवशी माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे.

"मेल्यावर दार कोणालापण उघडं असतं," मामा म्हणाले. "जिवंतपणी शिरायचं हाय."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बहिणीला फोन करायला ते बाहेर गेले आणि अर्ध्या तासाने तसेच परतले. लावलाच नव्हता. शेवटी संध्याकाळी आम्ही दोघं ओव्याला गेलो. सगळं ऐकून बहीण भिंतीकडे तोंड करून बसली. पूर्वाच अडखळत मामांना समजावत होती, "मामा, आणखी एक टोक बदलून बघ ना."

मामांनी बदललं. त्यानंतरचंही बदललं. तिसरा रेणू अर्धा बांधून झाला होता तेव्हा पूर्वा गेली. हृदयानेच.

तेरावं झाल्यावर मामा लॅबमध्ये आले. इनक्युबेटरपुढे उभे राहिले, दोनदा टकटक केली आणि तसेच थांबले. हात पुढे होईना. शेवटी दार मी उघडलं. आत पेशी दाट वाढल्या होत्या, एकीच्या दोन होत होत्या. मामांनी पेशींची बाटली उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिली आणि माझ्या हातात दिली.

"मला नाय जमणार आता. तू बघ," ते म्हणाले. "फक्त हिला मारून बघू नको."