डोंगरकडा काढून टाका

कॉम्प्युटरवाल्या माणसाकडं पगार साठत न्हाई, किस्से साठतात. त्यातून ग्रिड चालवत असाल तर ठेवायला जागा पुरत न्हाई.

मी कळमनुरीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. फिजिक्सच्या वाघमारे मॅडमच्या पीएचडीचं गणित एका मशीनवर संपेचना, म्हणून आमी लॅबमधली जुनी मशीनं जोडून ग्रिड केलं. मुख्य मशीनवरून जॉब म्हणजे गणिताचं काम सोडायचं, बाकीच्यांनी ते वाटून करायचं आन् उत्तर परत पाठवायचं. त्याला फक्त प्रत्येकाचा ॲड्रेस बराबर लागतो. सगळी तकलीफ तिथंच!

*

पहिला जॉब गेला, उत्तर एकाचंही येईना. शोधलं तर मुख्य मशीन सगळ्यांना आपला ॲड्रेस १२७.०.०.१ सांगून राहिलं होतं. कॉम्प्युटरच्या भाषेत त्याचा अर्थ 'मी स्वतः'. त्यामुळं जो तो उत्तर स्वतःलाच पाठवून मोकळा!

मॅडम म्हणाल्या, "आमच्या घरी रोज हेच चालतं. हे दार वाजवतात, मी 'कोण' विचारते, हे म्हणतात 'मी'."

*

मग नवंच. प्राचार्य ऑफिसात आले की जॉब बंद, ते बाहेर गेले की चालू. मॅडम शिपायाला रोज विचारायच्या, सरांची कुठं मीटिंग हाये का. शेवटी सापडलं: सरांच्या कॉम्प्युटरचा आन् आमच्या मुख्य मशीनचा ॲड्रेस एकच होता. भीत भीत त्यांना सांगितलं.

सर शांतपणे म्हणाले, "मग तुमचा बदला. मी इथं आधीपासून हाये."

*

मशीनं ओळखू यावीत म्हणून मॅडमनी मुख्य मशीनला कळमनुरी आन् बाकीच्यांना आसपासच्या गावांची नावं दिली होती. प्रबंध द्यायची तारीख तोंडावर आली, शेवटचा जॉब सोडला, आन् मी नांदेडच्या एसटीत असताना मॅडमचा फोन. जॉब अडकला होता. रडवेल्या झाल्या होत्या.

विचारत गेलो तेव्हा कळलं, डोंगरकडा नावाच्या मशीनचा ॲड्रेस बदलला होता. बाकीची जुन्याच ॲड्रेसवर हाका मारत बसली होती, आन् शिरड शहापूर नावाच्या मशीनचं उत्तर तर त्याच्यामार्फतच यायचं. एसटीचा खडखडाट एवढा, की मी ओरडलो, "डोंगरकडा काढून टाका! शिरड शहापूर थेट कळमनुरीला जोडा!"

गाडीतली सगळी बोलणी थांबली.

मॅडमनी काढलं. थोड्या वेळानं त्यांचाच फोन, "सर, आलं. सगळं उत्तर आलं." आवाज भरून आला होता.

तेवढ्यात मागच्या सीटवरच्या टोपीवाल्या आजोबांनी खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या मांडीवर बाजाराची पिशवी होती.

"साहेब, डोंगरकडा काहून काढलं?"

मी आनंदाच्या भरात बोलून गेलो, "उत्तर देत नव्हतं, बाबा."

आजोबांनी जरा विचार केला.

"आमाला कुनी इचारलंच न्हाई की."