कुडपणच्या सह्या

माझी नोकरीच संशय घेण्याची. कारखान्यातून निवृत्त झालेल्यांना आणि त्यांच्या बायकांना कंपनीतर्फे औषधं मिळतात. औषध दुकानदाराला पैसे चुकते करणारी एक मधली संस्था आहे, आणि दुकानदार फसवत तर नाही ना, हे बघायला मी. नियम साधा: औषध ज्याचं, सही नाहीतर अंगठा त्याचाच. नसेल तर औषध दिलंच नाही असं धरायचं.

महाडच्या एका दुकानात पावत्या चाळताना घाटावरच्या कुडपण गावातल्या एका म्हातारीच्या सह्या मला खटकल्या. मधुमेहाच्या गोळ्या, दर महिन्याची सही, आणि प्रत्येक सही झोकदार. सत्तरी ओलांडलेल्या बाईचा हात जरासुद्धा कापू नये? कुठेतरी पाणी मुरतंय, म्हटलं. दुकानदार चहा मागवायला लागला तेव्हा तर माझी खात्रीच झाली.

दुसऱ्या दिवशी त्याला न कळवता कुडपण गाठलं. म्हातारी अंगणात नाचणी पाखडत होती.

"आजी, औषधं मिळतात का?"

"मिळतात ना. दुकानवाला पिशवी यष्टीत देतो, कंडक्टर आणतो. माझ्यानं महाडपर्यंत जावत नाय रे."

"मग सही कोण करतं?"

"मला कुठं येते सही? तोच दुकानवाला करीत असंल."

मी गोळ्यांचा डबा उघडायला लावला. तारखेच्या हिशेबाने जेवढ्या गोळ्या उरायला हव्यात, तेवढ्याच होत्या. म्हणजे लबाडी कुठेच नव्हती, खोटी होती ती फक्त सही. खरं सांगतो, मला बरं वाटलं नाही, माझा हिरमोडच झाला. एवढा घाट चढून आलो होतो.

अहवालात मी नियमाप्रमाणे लिहिलं. पुन्हा असं घडलं तर दुकानाचं नाव आमच्या यादीतून काढू, अशी ताकीद दुकानदाराला गेली.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणीला गेलो. पावत्या अगदी चोख होत्या. म्हातारीची मात्र एकही सापडेना. मला वाटलं, याने काहीतरी दडवलंय.

"कुडपणच्या आजींची औषधं कोण नेतं?"

"कुणीच नाही, साहेब. त्या खाली येऊ शकत नाहीत, आणि सहीशिवाय मी देऊ शकत नाही."

"केव्हापासून?"

"तुम्ही येऊन गेलात तेव्हापासून."

पावत्यांचा गठ्ठा मी बांधून ठेवला. अहवालात या दुकानापुढे 'आक्षेप नाही' असं लिहिलं आणि खाली माझी सही केली.