मेंबरांचं पाणी

“ए, पोरगी बाहेर काढ तुझी आणि ब्लीचिंग टाक. पाणी नासलं.”

हे माझ्या बापाला. क्लबच्या सेक्रेटरीनं, सगळ्या मेंबरांसमोर. बाप तिथं पोहण्याचा तलाव साफ करायचा. मी अकरा वर्षांची. आम्ही फुलंब्रीकडचे, गावकुसाबाहेरचे. पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली मी. मेंबर यायच्या आधी तासभर पोहायची मुभा होती मला. त्या दिवशी सेक्रेटरीचा पोरगा लवकर आला, त्यानंच शर्यत लावली. मी त्याला हरवलं. एवढाच गुन्हा.

मी बाहेर निघाले. बाप बादली घेऊन उभा. माझ्याकडं न बघता त्यानं पावडर फेकली. मेंबरांची पोरं नाक धरून हसली.

मी परत सूर मारला. त्याच पांढऱ्या पाण्यात.

“निघ गं बाई, डोळे जातील तुझे!” बाप रडत ओरडत होता. मी पूर्ण फेरी मारली, मगच निघाले. आठ दिवस डोळे लालभडक.

लोक देशासाठी पोहतात म्हणे. मी त्या एका माणसाच्या नाकावर टिच्चून पोहले. ऑलिम्पिकला गेले, पहिल्याच फेरीत सातवी येऊन परतले. मग डोळ्यांची डॉक्टर झाले, कारण ती पावडर फेकून फेकून बापाची नजर अधू झाली होती. त्याच शहरात, औरंगपुऱ्यात दवाखाना टाकला.

या आठवड्यात सेक्रेटरी आला. मोतीबिंदू. “तू तर आपल्याच तलावावरची! लई अभिमान आहे आम्हाला. रविवारी तलावाला तुझं नाव देतोय.”

ब्लीचिंगचं त्याला काहीच आठवत नव्हतं. ऑपरेशनच्या टेबलावर तो माझ्या हाताखाली होता. हात जराही हलला नाही माझा. त्याला लख्ख दिसायला हवं होतं मला.

काल पट्टी काढली. “महिनाभर तलावात उतरायचं नाही,” मी बजावलं.

“अगं, रविवारच्या कार्यक्रमात पहिली उडी माझी ठरलीय.”

“नाही. काठावर बसा.”

रविवारी पहिला माझा बाप उतरेल. वीस वर्षं त्यानं तो तलाव घासला, पोहला एकदाही नाही. त्याच्या मागं आमच्या वस्तीतली पोरं. बाप म्हणतो, “जाऊ दे गं बाई, म्हातारा झाला तो.”

जाऊ देणार नाही. माईक हातात घेऊन सगळ्या मेंबरांसमोर विचारणार आहे, “साहेब, ब्लीचिंगची बादली आणू का?” आणि तो उत्तर देईपर्यंत माईक सोडणार नाही.