किशोरचा दुखवटा

दुसऱ्याच्या घरात कुणी गेलं की आमच्या साडूंना जो कंठ फुटतो, तो स्वतःच्या लग्नातही फुटला नव्हता. कर्जतपासून खोपोलीपर्यंत असं एकही स्मशान नसेल जिथे त्यांनी श्रद्धांजलीचं भाषण ठोकलं नाही. चिता विझत येते, पण साडूंचं ‘शेवटी एवढंच सांगतो’ काही संपत नाही. एकदा तर मयताचं नावच चुकलं आणि खांदा देऊन दमलेला एक भला माणूस स्वतःची स्तुती ऐकून कावराबावरा झाला.

त्यात मुंबईला कसलंसं शिबिर करून आले आणि दुःखाचे टप्पे असतात हे त्यांना कळलं. मग काय विचारता! शेलूच्या एका बाईंचा नवरा नुकताच गेलेला. साडूंनी शाळा तपासायला आल्यासारखं त्यांना सांगितलं, ‘वहिनी, तुम्ही अजून पहिल्याच टप्प्यात आहात.’ वहिनींच्या भावानं त्यांना दंडाला धरून जिन्याखाली पोचवलं. तरीही साडूंनी दुःखी मुलांसाठी गट काढला तेव्हा त्याच वहिनी लेकीला घेऊन आल्या. वडील गेल्यापासून ती नववीतली पोर ना रडली होती, ना धड बोलली होती. ‘एकदा रडू दे तिला, भावजी,’ एवढंच त्यांचं मागणं होतं.

गट भरायचा कर्जतजवळच्या कोंडाणे गावच्या देवळात, कारण तिथल्या लेण्यांजवळ मन शांत होतं असं साडूंचं मत. तिथे पोचायला पोरांना वाहन मिळत नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं. जमलेल्या चार-पाच पोरांना ते ‘मन मोकळं करा’ म्हणायचे आणि पुढचा तासभर स्वतःच बोलायचे. ती पोर खाली मान घालून बसायची.

एका रविवारी मीही सोबत गेलो होतो, तेव्हा त्यांनी देवळाबाहेर फळा लावला: ‘किशोर शोक गट’. झालं! भाषण ऐन रंगात असताना गावातल्या तीन-चार बायका डोईवर पदर घेऊन, हातात डबे घेऊन आत आल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून भाकरी आणली होती. एका म्हातारीनं शेलूच्या पोरीला जवळ ओढलं.

‘किशोर तुजा कोन गं, बाय?’

‘आजी, किशोर म्हणजे पौगंडावस्थेतली...’ साडूंनी सुरुवात केली.

‘तू गप रं जरा!’

पोरीनं वर पाहिलं. ‘किशोर नाय. माजा पप्पा गेला. यशवंत नाव हाय त्याचा.’

‘कसा व्हता गं?’

‘लय हसायचा. करपलेली भाकरी मुद्दाम मागून खायचा,’ ती म्हणाली, आणि म्हातारीच्या मांडीत तोंड खुपसून तिनं हंबरडा फोडला. दाराशी बसलेल्या वहिनीही रडल्या. मीही रडलो, लपवत नाही.

परत येताना साडूंच्या स्कूटरवर मी मागे होतो. कर्जत जवळ आलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘मी बोलत राहिलो असतो, तर ती बोलली असती का हो?’

‘नसती,’ मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग ते इतके गप्प झाले की माझाच जीव कळवळला. ‘साडूभाऊ, काहीतरी बोला ना,’ मी म्हटलं. घर येईपर्यंत त्यांनी एक शब्द काढला नाही.