'लिव्ह' आणि 'स्टे'

कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमधले आमचे शेजारी रोज संध्याकाळी फाटकाशी उभे राहत आणि एकच प्रश्न विचारत, "भाऊ, 'लिव्ह' अन् 'स्टे'मधी फरक काय हाय?"

मी रंगात येऊन सांगे की दोन्ही क्रियापदं, पण 'लिव्ह' म्हणजे कायमचं राहणं आणि 'स्टे' म्हणजे चार दिवसांचा मुक्काम. शिवाय 'स्टे' नाम म्हणूनही चालतं. ते मान डोलावत, पण नजर मात्र माझ्या खांद्यावरून घरात जाई.

घरात माझा साळा होता. कारखान्यात नोकरी मिळेल म्हणून भंडाऱ्याहून आलेला आणि परवानगीशिवाय राहिलेला. वसाहतीच्या साहेबांना कळलं असतं तर माझं क्वार्टर गेलंच असतं. मग या शेजाऱ्यांना नेमके हेच दोन शब्द का हवेत?

बायको फणकारली, "त्याले इंग्रजी कायले शिकवून राहिले? चुगलखोर हाय तो!"

एका रविवारी तपासणीचे साहेब खरंच आले. शेजारी आधीच आमच्या फाटकात वाट अडवून उभे. "साहेब, 'लिव्ह' अन् 'स्टे'मधी फरक काय हाय जी?" साहेबांना इंग्रजीचा भारी शौक. ते व्याकरणात शिरले आणि साळा मागच्या दाराने सुपेल्याच्या बाजाराकडे पसार झाला.

साहेब येणार हे शेजाऱ्यांना आधी कसं कळलं? संध्याकाळी ते हळूच म्हणाले, "पाहुणा परत कवा येते, भाऊ?"

"कोणता पाहुणा?" मी म्हणालो.

ते खूश झाले. "बराबर. साहेबाले बी असंच सांगजा."