रिकाम्या फेरीचं भाडं

माझा राग नाकावर नाही, हातात असतो. तोंड उघडायच्या आधी हात उठतो, आणि मग बाकीच्या अंगाला निस्तरत बसावं लागतं. बायको म्हणायची, "देव तुमच्या हाताला ब्रेक लावायला विसरला." आता साठी ओलांडली, हात थकला. म्हणून हे सांगतोय.

महाड ते नाते गाव अशी माझी जीप चालायची. बायकोच्या पाटल्या मोडून घेतलेली. जीप एक दिवस उभी राहिली की दुसऱ्या दिवशी घरात डाळ पातळ व्हायची. दुसरं उत्पन्न काही नव्हतं, आणि मला दुसरं काही येतही नव्हतं.

श्रावणातली गोष्ट. महाबळेश्वरला एक भाडं सोडून आंबेनळी घाटाने एकटाच पोलादपूरकडे उतरत होतो. धुकं असं, की बॉनेटच्या पुढचं दिसेना. एका वळणावर जीप घसरली आणि डाव्या अंगाची दोन्ही चाकं डोंगराकडच्या गटारात गेली. ती एकट्याने निघणं शक्यच नव्हतं.

तेव्हा आमच्याकडे मोबाइल नव्हते. घाटात गाडी अडली की खाली जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडे चिठ्ठी द्यायची. पोलादपूरला क्रेनवाल्याच्या शेडसमोर तो एसटी हळू करायचा आणि चिठ्ठी आत भिरकावायचा. चिठ्ठी मिळाली की क्रेन निघायची, पैशाचं बोलणं नंतर. आणि गाडीच्या मागेपुढे, अर्धा रस्ता अडेल असे, मोठाले दगड मांडायचे, म्हणजे येणारा सावध होतो. गाडी निघाली की आधी दगड उचलायचे, मग स्टार्टर मारायचा. घाटातल्या ड्रायव्हरला हे कुणी शिकवावं लागत नाही.

मी चिठ्ठी दिली, दगड मांडले. तासाभराने वरून रस्त्याच्या कामावरच्या माणसांनी भरलेला ट्रक आला. बारा-पंधरा जण उतरले, दोनदा हुप्प केलं आणि जीप उचलून डांबरावर ठेवली. मला आनंद झाला तो जीप निघाल्याचा कमी, क्रेनचे पैसे वाचल्याचा जास्त. ट्रक गेला, मीही निघालो. दगडांची आठवण दोन वळणं खाली आल्यावर झाली. आता परत कोण चढतंय, म्हटलं, आणि तसाच पुढे आलो. थोडं खाली एक मोटरसायकल वर जाताना दिसली, तिच्या बऱ्याच मागून ती क्रेन. मी हात करून थांबवायला हवं होतं. मी मान खाली घातली आणि जीप पुढे काढली.

बारा दिवसांनी क्रेनवाला महाडच्या जीप स्टँडवर आला. माझ्याच वयाचा, काटक, डोळे तांबारलेले. चिठ्ठीवर माझं नाव होतंच.

"फेरीचं भाडं द्या," म्हणाला.

"कसली फेरी? गाडी ओढलीस तू माझी?"

"तुम्ही बोलावलंत, मी आलो. रिकामी फेरी झाली तरी अर्धं भाडं पडतं, समद्यांना ठाऊक हाय. आणि..."

त्या 'आणि'वर मी त्याच्या थोबाडीत मारली. स्टँडवरचे दहा ड्रायव्हर बघत होते, त्यांच्यासमोर हा मला पैसे मागतो म्हणजे काय! तो चाकावर आदळला. उठायच्या आत मी जॅकचा दांडा त्याच्या खांद्यावर घातला. नाकातून रक्त आलं, शर्ट लाल झाला. "काम न करता पैसे मागतोस? भीक माग त्यापेक्षा!" असं ओरडत मी त्याला लाथा घातल्या. चौघांनी मला धरलं. तो उठला, बाहीने नाक पुसलं, आणि इस्पितळाच्या रस्त्याने गेला. नाक दाखवायला गेला असेल, असं मला वाटलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको किंचाळली म्हणून बाहेर आलो. माझी जीप नाकाडाने उचललेली, मागच्या दोन चाकांवर रस्त्याने चालली होती. क्रेनवाला खिडकीतून ओरडला, "तुम्हीच लिवलं व्हतं ना, गाडी ओढायला या! ओढतो हाय!" मी धावलो, मागचा बंपर धरला. त्याने वेग वाढवला. मी पडलो, तरी हात सोडला नाही, आणि कोपऱ्यापर्यंत फरफटत गेलो. दोन्ही गुडघ्यांची कातडी रस्त्यावर राहिली.

बायको जखमा धूत होती आणि रडत होती. "पैसे द्या नि जीप आणा. पाटल्या गेल्या, आता जीप घालवू नका." घरात होते नव्हते ते पैसे तिने माझ्या खिशात कोंबले. मी पडवीतली टॉमी, म्हणजे चाक उचकटायची लोखंडी पहार, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पोलादपूरची एसटी धरली. पैसे द्यायचा माझा अजिबात विचार नव्हता.

शेडसमोर माझी जीप क्रेनला साखळीने जखडलेली होती. ते बघून डोकंच फिरलं. तो चाकाशी वाकला होता. मी पहिला घाव घातला तो त्याने हातावर झेलला, हाड वाजलेलं मला ऐकू आलं. दुसरा क्रेनच्या पत्र्यावर बसला आणि टॉमी हातातून उडाली. मग आम्ही चिखलात लोळलो. मी त्याच्या दंडाचा चावा घेतला, त्याने माझं डोकं जमिनीवर आपटलं. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं त्याने मागे वाकवून मोडली. ती आजही मिटत नाहीत. मग साखळीचं मोकळं टोक माझ्या गळ्याभोवती आलं. तो माझ्या पाठीत गुडघा रोवून धड हाताने ओढत होता आणि मला समोरचं दिसेनासं झालं. मेलो, एवढंच कळलं.

"दादा, कोण हाय रे?" शेडच्या आतून आवाज आला.

साखळी सैल झाली. तो माझ्या अंगावर तसाच धापा टाकत बसला. मग आत बघून म्हणाला, "गिऱ्हाईक हाय. पैसे द्यायला आलाय."

"मग आत घे की. चहा दे."

त्याने मला काखेत धरून उठवलं. कानाशी म्हणाला, "आत काय बोललास तर इथंच गाडीन."

आत खाटेवर त्याचा धाकटा भाऊ होता. उजवा पाय गुडघ्याच्या जरा वरपर्यंतच होता, पुढे नुसतं बँडेज. इस्पितळातून आदल्या रात्री आणलेला. "चिखलात पडलात काय?" त्याने मला विचारलं. मी मान हलवली. मग तो आपणहून सांगू लागला. घाटात कुणाची तरी गाडी अडली होती. ती शोधायला तो मोटरसायकलने क्रेनच्या पुढे, डोंगराच्या अंगाने चालला होता. गाडी नव्हती, नुसते दगड होते. धुक्यात दगडांवर आदळून पडला आणि वरून येणारा टेंपो पायावरून गेला.

"तुम्ही बी ड्रायव्हरच ना?" तो म्हणाला. "सांगा, दगड तसेच टाकून जाणाऱ्या भडव्याचं काय करायचं? दादा म्हनतो, कोण व्हता ते कळलं नाय. मला कळू दे फकस्त. कुबडीवर जाईन, पर त्याचं डोकं फोडीन."

क्रेनवाला दारात उभा होता. मी फोडलेला हात त्याने पोटाशी धरला होता. आमची नजरानजर झाली. स्टँडवरचं त्याचं ते 'आणि' मला तेव्हा कळलं.

"फोडायलाच पाहिजे," मी म्हणालो. कप डाव्या हातात धरून चहा प्यालो.

बाहेर आल्यावर खिशातले सगळे पैसे त्याच्यापुढे धरले. त्याने अर्ध्या भाड्याच्या नोटा काढून घेतल्या आणि बाकीच्या माझ्या खिशात परत घातल्या.

"सगळे घे," मी म्हणालो. "पायाचे घे. तुझ्या पाया पडतो."

"नाय," तो म्हणाला, आणि एका हाताने साखळी सोडू लागला. "पायाचे घेतले तर कुनी दिले ते त्याला सांगावं लागेल. मग तो तुला मारील नि जेलात जाईल. एकच भाऊ हाय मला."